व्हर्डी लॉकेटच्या आठ वह्या

हार्लन बेंडच्या बगळ्यांचा इतिहास म्हणजे व्हर्डी लॉकेटच्या पलंगाखालच्या आठ वह्या. बाकी गावात जे काही सांगितलं जातं, त्यातलं अर्धं न्हाव्याच्या दुकानात जन्मलेलं आणि उरलेलं अर्धं तिथेच बाळसं धरलेलं आहे. त्या दुकानातल्या हिशेबाने बगळे एकही सामना हरले नव्हते. व्हर्डीच्या वह्यांत मात्र ते सपाटून हरत. एकदा तर चौदा विरुद्ध एक.

बगळे हा पगारी बेसबॉल संघ. एकोणीसशे तेवीस साली तो प्रेंटिस गॅडींनी उभा केला. गॅडींचा धंदा अंत्यविधीचा. गोऱ्यांच्या दुकानात आपल्या काळ्या माणसांच्या प्रेताला कुणी हात लावत नसे, तेव्हा मेल्यावर नीट अंघोळ आणि इस्त्रीचा कोट मिळायचा तो गॅडींकडेच. संघाची पहिली गाडी म्हणजे त्यांचीच जुनी शववाहिका. खेळाडू मागे पाय दुमडून बसायचे. वाटेत लोक रस्त्याच्या कडेला थांबून टोप्या काढायचे आणि आत बसलेल्यांना हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. मैदान गोऱ्यांच्या संघाचं होतं. ते बाहेरगावी खेळायला गेले की बगळ्यांना मिळायचं. जाताना ते न्हाणीघराला कुलूप लावून जात, त्यामुळे बगळे सामना जिंकोत की हरोत, अंगावरची धूळ तशीच घेऊन घरी जात.

व्हर्डी गॅडींच्या दुकानात मृत्यूच्या सूचना लिहायची. अक्षर मोत्यासारखं, आणि खाडाखोड नाही. मेलेल्या माणसाचं नाव खोडून पुन्हा लिहिलेलं कोणाला आवडेल? चव्वेचाळीस साली सामन्यांची नोंद ठेवणारा माणूस लढाईवर गेला, तेव्हा गॅडींनी वही अठरा वर्षांच्या व्हर्डीपुढे ठेवली.

"मेलेल्यांचं चुकवत नाहीस, तर जिवंतांचंही चुकवणार नाहीस," ते म्हणाले. "लिही."

तिने लिहिलं. दर सोमवारी सकाळी सामन्याचा गोषवारा तारेने शिकागोच्या आपल्या साप्ताहिकाला जायचा. इतर गावं फक्त जिंकलेले सामने कळवत. व्हर्डी हरलेलेही कळवायची. "एखादा तरी विसर की गं पोरी," गॅडी कळवळून म्हणत. ती विसरायची नाही. शाईने लिहायची, आणि एकदा लिहिलं की लिहिलं.

या कामात एक जागा अशी आहे की जिथे नुसतं अक्षर चांगलं असून भागत नाही. फलंदाजाने चेंडू मारला, क्षेत्ररक्षकाला तो धरता आला नाही आणि फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोचला. आता हे श्रेय कुणाचं? चेंडू धरण्यासारखा नव्हता, तर फलंदाजाच्या नावावर फटका. धरण्यासारखा होता, तर क्षेत्ररक्षकाच्या नावावर चूक. धावफलकावर तेच लागतं, वर्तमानपत्रात तेच छापतं, आणि ते ठरवतो पंच नाही, कर्णधार नाही, ठरवतो वहीवाला. हार्लन बेंडमध्ये ठरवायची व्हर्डी. बेसमागच्या टेबलापाशी बसून तिने एक बोट वर केलं की फटका. मूठ केली की चूक. फलकावरचे होझेआकाका ते बघून पाटी अडकवायचे.

सत्तेचाळीस सालचे बगळे हे आजवरचे सर्वांत चांगले बगळे. चेंडू टाकायला अलोन्झो टीग, गावाचा लोन्झो, सहा फूट तीन इंच, बोलायला कमी आणि टाकायला आगीसारखा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, शॉर्टस्टॉप म्हणतात त्या जागेवर, रॉस्को लॉकेट. रॉस्कोच्या हातातून त्या मोसमात घरच्या मैदानावर एकही चेंडू सुटला नव्हता. पंचवीस सामने झाले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोऱ्यांच्या बड्या संघात पहिला आपला माणूस उतरला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक आईला आपला मुलगा दुसरा होईल असं वाटत होतं. व्हर्डीला वाटत होतं तो रॉस्को असेल. ऑक्टोबरमध्ये त्यांचं लग्न ठरलं होतं.

सतरा ऑगस्ट, रविवार. चर्च सुटल्यावर सगळं गाव तसंच मैदानावर आलेलं, बाया टोप्यांसकट. दोरी लावून गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकांवर गवती हॅटमधला एक माणूस एकटाच बसला होता. तो बड्या संघाचा खेळाडू हेरणारा माणूस आहे आणि रॉस्कोला बघायला आला आहे, हे दुसरा डाव संपायच्या आत सगळ्यांना ठाऊक झालं.

पाचव्या डावापर्यंत ग्रीन्सफर्डच्या पाहुण्यांना लोन्झोविरुद्ध एकही फटका मिळाला नव्हता. सातव्यापर्यंतही नाही. अशा वेळी काय करायचं हे बेसबॉल खेळणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. गप्प बसायचं. पूर्ण सामन्यात एकही फटका न देणं ही माणसाच्या जन्मात एखाद्या वेळी घडणारी गोष्ट, तीही घडली तर. तिचा उच्चार केला की ती मोडते. म्हणून डावाच्या मधल्या वेळात लोन्झो येऊन बसला की बाकडं रिकामं व्हायचं. कुणी त्याच्याशी बोलेना, कुणी पाण्याचा पेलाही हातात देईना; जवळ ठेवून निघून जायचे. एरवी शिव्या देत पंचाच्या आजीपर्यंत पोचणारे प्रेक्षकही आवाज उतरवून बोलत होते.

नववा डाव, बगळे तीन धावांनी पुढे, पाहुण्यांचे दोन बाद. एक राहिला होता. त्याने चेंडू मारला तो जमिनीवरून सरळ रॉस्कोकडे. असे चेंडू रॉस्को रोज शंभर धरायचा. धरलाही. आणि तो त्याच्या हातमोज्यातून बाहेर पडला, घरंगळला, आणि रॉस्कोने उचलून फेकेपर्यंत फलंदाज बेसवर होता.

होझेआकाका व्हर्डीकडे बघत होते. मैदान व्हर्डीकडे बघत होतं. पण व्हर्डीला दिसला तो गवती हॅटमधला माणूस. तो मांडीवर वही घेऊन, पेन्सिल उचलून, मान वळवून तिच्याकडे बघत होता.

तिने एक बोट वर केलं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग होझेआकाकांनी पाटी अडकवली आणि मागून एक बाई ओरडली, "अगं व्हर्डी, चष्मा घे, चष्मा!"

"चष्मा कशाला? तिला काय दिसायचं ते दिसतंय!" दुसरी म्हणाली. बाया हसल्या, पण थोड्याच.

लोन्झोने फलकाकडे बघितलं. मग व्हर्डीकडे, एकदाच. मग पुढच्या फलंदाजाला तीन चेंडूंत गुंडाळलं आणि टोपी काढून निघून गेला. व्हर्डीने वहीत शाईने फटका लिहिला. सोमवारी तार गेली. साप्ताहिकात छापून आलं: टीग, नऊ डाव, एक फटका.

त्या संध्याकाळी रॉस्कोने तिला घरी सोडलं. फाटकापाशी म्हणाला, "टप्पा वाकडा पडला. नाही का?"

"वाकडाच पडला," व्हर्डी म्हणाली.

टप्पा सरळ होता. दोघांनाही ते माहीत होतं.

गवती हॅटवाल्याचं पत्र कधी आलंच नाही. लग्न झालं. रॉस्कोने त्या मोसमात घरच्या मैदानावरचे एकतीसच्या एकतीस सामने बिनचूक काढले, निदान वहीत तरी. पुढे लोक रेडिओवर बड्या संघातल्या आपल्या माणसांचे सामने ऐकत घरीच बसू लागले, बगळ्यांची बाकं ओस पडली, आणि एक्कावन्न साली गॅडींनी संघ मोडला. शेवटच्या सामन्याला एकशे चाळीस माणसं होती. व्हर्डीने तेही लिहून ठेवलं. रॉस्को लाकडाच्या वखारीत लागला, लोन्झो शाळेची बस चालवू लागला. तिघंही माउंट हर्मन चर्चमध्ये जायचे. लॉकेट मंडळी चौथ्या बाकावर, टीग सहाव्या. लोन्झो दर रविवारी हॅटला हात लावून "सिस्टर लॉकेट" म्हणायचा, ती "ब्रदर टीग" म्हणायची, आणि त्या चेंडूबद्दल अठ्ठावन्न वर्षांत तिघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. चौऱ्याण्णव साली रॉस्को गेला, तेव्हा त्याच्या दगडावर काय कोरायचं हे मुलीने ठरवलं: एकतीस सामने, एकही चूक नाही. व्हर्डीने मान डोलावली. दुसरं काय करणार होती?

ती एकोणऐंशीची झाली त्या उन्हाळ्यात वेंडेल ऑर आला. निवृत्त पोस्टमन, आपल्यातलाच, ओहायोकडचा. आयुष्यभर पत्रं वाटून पाय थकले नाहीत म्हणून आता गावोगाव फिरून जुन्या संघांच्या नोंदी गोळा करत होता. व्हर्डीच्या जेवणाच्या टेबलावर त्याने वह्या मांडल्या, हातात पांढरे मोजे घातले आणि पान पान उलटताना त्याचे डोळे भरून आले.

"बाई, तुम्हांला कल्पना नाही ही काय चीज आहे," तो म्हणाला. "बाकीच्या गावांतून मला अर्धी पानं मिळतात. उंदरांनी खाल्लेली. जिंकलेलं ठेवलंय, हरलेलं फाडलंय. आणि हे बघा. आठ वर्षं, एक खाडाखोड नाही! यावरून अख्खा संघ परत उभा राहतो. त्रेचाळीस माणसं. त्यांतले किती जण आहेत आता?"

"एक," व्हर्डी म्हणाली. "अलोन्झो टीग."

"टीग!" त्याने सत्तेचाळीसची वही ओढली आणि बोटाने पान शोधलं. "हा बघा. सतरा ऑगस्ट. एकच फटका, तोही नवव्या डावात, दोन बाद असताना. काय नशीब एकेकाचं! हा एक फटका नसता ना बाई, तर हा माणूस त्या मोजक्या लोकांच्या यादीत गेला असता. कायमचा."

व्हर्डीने कॉफी ओतली, ती बशीत सांडली.

"समजा," ती म्हणाली, "वहीवालीनं आत्ता एखादी खूण बदलली तर?"

वेंडेल ऑरने मोजे काढले. माणूस शहाणा होता; त्याने का ते विचारलं नाही. "बदललेली खूण मला लपवता येणार नाही. आणि एक खूण बदललीय म्हटल्यावर लोक विचारतील, बाकीच्या कशावरून खऱ्या? मग त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण संशयात. शिवाय नियम असा आहे की त्या दिवशी वहीवाल्यानं जे ठरवलं, तेच राहतं. तुम्हीसुद्धा ते आता फिरवू शकत नाही."

तिने त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. अकरा वाजता चर्चला या, म्हणाली, मग वह्या न्या.

शनिवारी ती लोन्झोकडे गेली. तो पडवीत बसून शेंगा सोलत होता. ब्याऐंशी वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले, पण खुर्चीत बसलेलाही उंच.

"बस," तो म्हणाला. "आलीस तर हाताला काम दे. नुसतं बसून माझ्या शेंगा मोजायच्या नाहीत."

तिने पाटी मांडीवर घेतली. तीही सोलू लागली.

"लोन्झो, ते सत्तेचाळीस सालचं..."

"ऊन काय होतं तेव्हा!" तो म्हणाला. "आता कुठे तसं ऊन पडतं? गोरे न्हाणीघराला कुलूप घालून जायचे, आणि मी अंगाला मीठ फुटल्यासारखा घरी जायचो. आई फाटकातूनच ओरडायची, हौदावर जा आधी."

"सतरा ऑगस्टचं म्हणतेय मी."

"मला तारखा नाही आठवत."

"माझ्याकडे तो ऑर आलाय. वह्या मागतोय. आणि मला..."

"दे की मग." त्याने मान वर केली नाही. "रॉस्कोसारखा हात माझ्या मागं दुसरा कुणाचा नव्हता, व्हर्डी. मी चेंडू टाकायचो आणि मागं वळूनसुद्धा बघायचो नाही. तो माणूस निजलाय. निजू दे त्याला."

"आणि तू?"

"मी काय? मी शेंगा सोलतोय. वहीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. त्या वहीत सगळे आहेत. क्लीओफस आहे, मोठा इझेल आहे, तो तोतरा पर्नेल आहे. त्यांचं दुसरं काय उरलंय? पर्नेलला तर पोरबाळही नाही."

व्हर्डीला बरंही वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. माणसाने स्वतःच माफ करून टाकलं, मग हिचं ओझं का उतरेना? ती उठली. त्याने अर्ध्या शेंगा पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या. ती पायऱ्या उतरत असताना तो मागून म्हणाला, "एकशे अकरा."

"काय?"

"त्या दिवशी एकशे अकरा चेंडू टाकले मी. तुझ्या वहीत ते नसणार."

वहीत ते नव्हतं. तेव्हा चेंडू कुणी मोजत नसत. टाकणाऱ्याने मोजले तरच.

रविवारी माउंट हर्मन नेहमीसारखंच भरलं होतं. वेंडेल ऑर मागच्या बाकावर, कोट घालून घामाघूम. रेव्हरंड आयसम यांनी प्रवचनाआधी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? या चर्चमध्ये हा रिवाज आहे. देवाने काय केलं, आपण काय केलं, ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. एका बाईने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आभार मानले. तिची साक्ष चांगलीच लांबली. एकाने दारू सोडून सहा महिने झाल्याचं सांगितलं आणि लोकांनी "आमेन" म्हटलं. मग व्हर्डी उठली.

चर्चमध्ये जरा कुजबुज झाली. सिस्टर लॉकेटने आजवर कधी साक्ष दिली नव्हती. शेजारी बसलेली मुलगी जोअ‍ॅन हसून तिच्याकडे बघत होती. तिला वाटलं, आई वह्यांबद्दल सांगणार, बाबांबद्दल सांगणार.

"मी बगळ्यांची वही ठेवत होते," व्हर्डी म्हणाली. आवाज बारीक होता, पण चर्च शांत होतं. "आठ वर्षं. लोक म्हणतात एक खाडाखोड नाही. ते खरंय. पण एक खोटं आहे."

"सांगा सिस्टर," कुणीतरी म्हणालं.

"सत्तेचाळीस साल, सतरा ऑगस्ट. नववा डाव, दोन बाद. चेंडू माझ्या रॉस्कोच्या हातात आला आणि सुटला."

"मम्मा," जोअ‍ॅन हळूच म्हणाली. "मम्मा, बस खाली."

"मी फटका दिला. तो फटका नव्हता. टप्पा सरळ होता. चूक होती ती, माझ्या नवऱ्याची." तिने जोअ‍ॅनचा हात बाहीवरून काढून आपल्या हातात धरला, पण खाली बसली नाही. "मला वाटलं, तो गोरा बघतोय, रॉस्कोचं नशीब जाईल. म्हणून मी दुसऱ्याचं घेतलं. रॉस्को चांगला माणूस होता. त्यानं मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मी केलं. वही आता बदलता येत नाही, आणि मी बदलणारही नाही, तीत बाकीच्यांचं आयुष्य आहे. म्हणून मी तोंडानं सांगतेय."

या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. जोअ‍ॅन रडत होती. मागे वेंडेल ऑरने खिशातून पेन्सिल काढली आणि ती नुसतीच हातात धरून बसला.

व्हर्डी वळली. सहाव्या बाकाकडे बघायला तिला फार जोर लागला.

"ब्रदर टीग, त्या दिवशी तुला कुणी फटका मारला नाही."

लोन्झो समोर बघत होता. चेहरा दगडाचा. व्हर्डीला वाटलं, हा आता उठून निघून जाणार, आपण रॉस्कोलाही घालवलं आणि यालाही. मग त्याने पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. शेजारच्या माणसाने दंडाला धरलं, तर त्याने त्या माणसाचा हात झटकून टाकला आणि त्या गेलेल्या गुडघ्यांवर एकटाच उभा राहिला, सगळ्या चर्चपेक्षा उंच.

"परत सांग, व्हर्डी," तो म्हणाला.